फ्लशच्या टाकीतील स्वयंचलित स्वच्छता-साधने आणि आपल्याकडचे पाणी

काळीमाती (धागाकर्ता)

आपल्याकडच्या खेड्यांत नवीन घर बांधताना देशी शीटच्या जोडीला एक कमोड बसवून घेण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. घरातील वयस्क मंडळींचे गुडघे हे त्याचे खरे कारण. आणि कमोड आला की त्याच्या मागच्या भिंतीवर प्लास्टिकची फ्लशची टाकीही येते. ही टाकी आणि कमोड आपोआप स्वच्छ ठेवतो असे सांगणारी साधने आता यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या दारव्ह्याच्या बाजारातही मिळू लागली आहेत. टाकीच्या तळाशी सोडायच्या निळ्या वड्या आहेत, पांढऱ्या क्लोरीनच्या वड्या आहेत, कमोडच्या कडेला आतून अडकवायच्या जाळीदार डब्या आहेत, आणि ऑनलाइन मागवल्यास टाकीतील नळीला जोडायची छोटी यंत्रेही आहेत. सगळ्यांचे म्हणणे एकच असते, की एकदा बसवा आणि महिनाभर हात लावू नका.

आमच्याकडे पाणी बोरिंगचे आहे. तोट्यांवर पांढरा थर धरतो आणि कमोडमध्ये पाणी जिथपर्यंत उभे असते तिथे पिवळट कडा तयार होते. संडास दोन शोषखड्ड्यांचा असून जमीन काळी आहे. या वड्यांनी ती कडा जाते काय, टाकीतील वॉशर आणि कॉक यांना काही अपाय होतो काय, आणि खड्ड्यात मैला कुजण्याच्या कामात अडथळा येतो काय, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे. जाहिरातीत लिहिलेले मी वाचले आहे. आपल्याकडच्या पाण्यात काय होते ते मला हवे आहे.

नळमिस्त्री

भाऊ, काहीही विकत घेण्याआधी टाकीचे झाकण उघडून आत काय बसवले आहे ते पाहावे, कारण कोणते साधन चालेल हे बहुतांशी तिथेच ठरते.

टाकीत बुडणारी वडी हा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. ती हळूहळू विरघळते, टाकीतील सगळे पाणी रंगते किंवा क्लोरीनचे होते आणि प्रत्येक फ्लशबरोबर ते खाली जाते. म्हणजे जे रसायन कमोडसाठी आहे ते दिवसरात्र टाकीतील वॉशर, कॉक आणि सील यांच्या संगतीत राहते. कडेला अडकवायच्या डबीचे तसे नाही. फ्लशचे पाणी तिच्यावरून वाहते तेवढ्यापुरतीच ती झिजते आणि टाकीतील पाणी साधे राहते. परंतु ती फक्त कमोडला चालते, कारण देशी शीटला बहुधा तशी आतून वळलेली कडच नसते.

यंत्राचा प्रकार मला कारागिरीच्या दृष्टीने सर्वांत चांगला वाटतो, आणि आपल्याकडे नेमका तोच सर्वांत कमी घरांत बसतो. काही टाक्यांमध्ये पाणी भरणाऱ्या कॉकपासून एक बारीक लवचिक नळी निघते आणि मधल्या उभ्या नळीत, म्हणजे ओव्हरफ्लोच्या पाइपात, तिचे टोक सोडलेले असते. टाकी भरत असताना थोडे पाणी या नळीने थेट कमोडमध्ये उतरते आणि तिथला पाण्याचा साठा पूर्ववत होतो. यंत्र म्हणजे या नळीच्या मध्ये जोडायची रसायनाची डबी. त्यामुळे रसायन टाकीत न मिसळता सरळ खाली जाते आणि रबरी भाग वाचतात. ही बारीक नळी मात्र प्रामुख्याने अमेरिकी पद्धतीच्या कमोडला लागते, कारण तो फ्लश होताना पाणी ओढून घेऊन जवळजवळ रिकामा होतो. आपल्याकडचा साधा कमोड फ्लशच्या शेवटच्या पाण्यानेच भरून राहतो, म्हणून बाहेर टांगलेल्या स्वस्त टाकीत ती नळी बहुधा नसते. नळीच नसेल तर यंत्र जोडायचे कशाला? ऑनलाइन मागवलेली अशी यंत्रे अनेक घरांत फडताळात पडून असलेली मी पाहिली आहेत.

वॉशरविषयी विचारले आहे. निळी, फेस येणारी वडी रबराला फारसा त्रास देत नाही. क्लोरीनच्या वडीने मात्र रबर फुगते किंवा कडक होते, त्याला चिरा पडतात आणि बोट फिरवले तर काळी पूड हाताला लागते. मग टाकी रात्रभर बारीक झिरपते, कॉक सारखा उघडत राहतो आणि सकाळी स्लॅबवरची टाकी अर्धी झालेली असते. नैसर्गिक रबरापेक्षा ईपीडीएम या कृत्रिम रबराचा वॉशर जास्त तग धरतो, पण तोही अमर नाही. फ्लशचे फिटिंग बनवणारे अनेक उत्पादक माहितीपत्रकात स्पष्ट छापतात की टाकीत क्लोरीनच्या वड्या टाकू नयेत, आणि अशा नुकसानीला हमी लागू राहत नाही. ते माहितीपत्रक आपल्याकडे खोक्याबरोबरच फेकले जाते.

रसायनशिक्षिका

नळमिस्त्री यांनी टाकीतले सांगितले, मी कडेविषयी लिहिते.

कमोडमधील पिवळट कडा ही बहुतेक वेळा घाण नसून क्षार असतो. जड पाण्यातील कॅल्शियमचा कार्बोनेट चिनी मातीवर बसतो, त्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो, आणि मग मूत्रातील क्षार व मळ त्यावर धरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, इष्ट मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम अशी दिली आहे. आपल्याकडच्या अनेक बोरिंगांचे पाणी या दोन आकड्यांच्या दरम्यान किंवा वर असते. यवतमाळच्या वणी भागापासून चंद्रपूरच्या कोरपना-राजुऱ्यापर्यंत चुनखडीचा पट्टा आहे, तिथले सिमेंटचे कारखाने त्याच दगडावर उभे आहेत, तेव्हा तिथल्या पाण्यात चुना उतरला तर आश्चर्य नाही.

आता निळ्या वडीत काय असते ते पाहावे. फेस आणणारा डिटर्जंट, निळा रंग, सुगंध आणि वडी सावकाश विरघळावी म्हणून घातलेले पदार्थ. यांपैकी एकही घटक चुन्याला विरघळवत नाही. क्लोरीनची वडी जंतू मारते, शेवाळाचा व सेंद्रिय मळाचा रंग उडवते, पण तीही चुन्यापुढे हतबल आहे. चुना फक्त आम्लाने जातो. त्यामुळे वडी टाकल्यावर कडा गेली नाही म्हणून दुसरी, तिसरी वडी टाकत राहणे हा खर्च वाया जातो.

ओळखण्याचा उपाय सोपा आहे. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व थोड्या पाण्यात विरघळवून कडेवर टाकावे. बारीक बुडबुडे निघाले तर तो चुना आहे. तसे असेल तर कमोडमधील पाणी मगाने उपसून काढावे, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून ते रात्रभर कडेपर्यंत भरून ठेवावे आणि सकाळी ब्रशने घासावे. जुना थर असेल तर हे पुन्हा करावे लागते. यात वास नाही, धूर नाही आणि हाताला फारसा धोकाही नाही.

ज्या टाकीत क्लोरीनची वडी आहे त्या कमोडमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा ॲसिड असलेला बाटलीतील क्लीनर कधीही ओतू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आपल्याकडच्या संडासाला वर एक छोटी जाळी आणि लोखंडी दार एवढेच असते. आत बसून घासणाऱ्या माणसाला तो वायू गुदमरवतो. अगोदर टाकीतून वडी काढावी, फ्लश करून टाकी रिकामी करून धुवावी आणि मगच आम्ल वापरावे. हा नियम लिंबूसत्वालाही लागू आहे.

वाचनमात्र

लिंबूसत्वाऐवजी पिळून राहिलेली लिंबे चालतील काय? उन्हाळ्यात घरात भरपूर निघतात.

रसायनशिक्षिका

नळाची तोटी घासण्यास चालतील. कमोडच्या जुन्या कडेस ते आम्ल अपुरे पडेल, आणि साली खाली गेल्या तर नळमिस्त्री यांना बोलवावे लागेल.

पूर्णाकाठ

मी दर्यापूर तालुक्यातील आहे. आमचा खारपाणपट्टा असल्यामुळे प्रश्नाचे रूप थोडे वेगळे आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत जो खाऱ्या भूजलाचा पट्टा पसरला आहे, तिथे पिण्याचे पाणी शहानूर किंवा वानसारख्या धरणांवरील योजनांतून येते आणि संडास, न्हाणी, गुरांचा गोठा यांना बोरिंगचे खारे पाणी वापरतात. शक्य असेल त्याने घरात दोन वेगळ्या ओळी टाकलेल्या असतात. फ्लशची टाकी साहजिकच खाऱ्या ओळीवर असते.

खाऱ्या पाण्यात टाकीतील लोखंडी स्क्रू, पितळी कॉकचा दांडा आणि तार हे सगळ्यांत आधी जातात. त्यात क्लोरीनची वडी टाकली तर गंज आणखी वेगाने चढतो. म्हणून आमच्याकडे मी लोकांना आधी टाकीतील सर्व धातूचे भाग बदलून प्लास्टिकचे बसवण्यास सांगतो, आणि वडीचा विचार त्यानंतर. निळी वडी आमच्या पाण्यात चालते, कारण तिच्यातील डिटर्जंट साबणासारखा फाटत नाही. सुगंध मात्र चार-सहा दिवसांत नाहीसा होतो आणि रंग तेवढा राहतो. रंग आहे म्हणजे स्वच्छता होते आहे, असा एक समज घरोघर तयार झाला आहे, तो चुकीचा आहे.

धानपट्टा

गोंदिया जिल्ह्यातून लिहीत आहे. आमच्याकडे कडा पिवळट नसून तांबूस असते. बोरिंगचे पाणी काढताना काचेसारखे दिसते आणि बादलीत थोडा वेळ राहिले की गढूळ-तांबडे होते. भंडारा, गडचिरोली या बाजूलाही बऱ्याच गावांत असेच लोहयुक्त पाणी आहे. आमच्या शेजारी एका घरात क्लोरीनची वडी टाकल्यानंतर कमोड अधिकच तांबडा झाला आणि विक्रेत्याने माल निकृष्ट दिला अशी तक्रार सुरू झाली. यामागे काय कारण असावे?

रसायनशिक्षिका

कारण वडीच्या दर्जात नाही. भूजलात विरघळलेले लोह रंगहीन असते; हवा लागली की ते सावकाश आणि क्लोरीन मिळाला की लगेच ऑक्सिडीकरण होऊन न विरघळणाऱ्या तांबड्या रूपात बाहेर पडते. जे लोह एरवी फ्लशबरोबर निघून गेले असते ते आता टाकीतच साचते, तळाला बसते आणि चिनी मातीला चिकटते. लोहयुक्त पाण्याच्या घरांत क्लोरीनची वडी टाकीत वापरूच नये. डाग काढण्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल उपयोगी पडते, परंतु ते विषारी असल्यामुळे हातमोजे घालून वापरावे आणि मुलांपासून दूर ठेवावे. दीर्घकालीन उपाय एकच, की स्लॅबवरच्या टाकीत पाणी येण्याआधी त्याला हवा देऊन लोह खाली बसवावे आणि वरचे पाणी घ्यावे.

घरधनीण

इतके प्रतिसाद वाचले, परंतु टाकीच्या गोष्टी लिहिणाऱ्या मंडळींपैकी ब्रश हातात कोण धरतो ते कुणीच लिहिले नाही. रसायनशिक्षिकाताईंनी तो शब्द एकदा वापरला एवढेच. ही साधने विकत आणणारी माणसे आणि संडास घासणारी माणसे बहुतेक घरांत वेगळी असतात, आणि वडी टाकली की घासण्याची गरज नाही असे पहिली मंडळी दुसऱ्यांना सांगत असतात.

माझा अनुभव असा आहे की ही साधने दोन घासण्यांमधील अंतर थोडे वाढवतात, घासणे बंद करीत नाहीत. कमोडची आतील बाजू ठीक राहते. पण कडेच्या खालचा भाग, बसण्याच्या झाकणाची बिजागरे, कमोडच्या मागची फरशी आणि फ्लशचे बटण यांना वडीचे पाणी कधी लागतच नाही, आणि वास नेमका तिथून येतो. सासूबाईंना दिसत कमी असल्यामुळे आम्ही निळी वडी मुद्दाम टाकत नाही. पाण्याचा रंग बदललेला असला तर त्यांच्या लघवीचा रंग कुणाला दिसणार नाही, आणि उन्हाळ्यात वयस्क माणसाने पाणी पुरेसे प्यायले की नाही हे त्यावरूनच कळते. हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेले नसते.

जलसुरक्षक

मी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. घरात कोणी क्लोरीनची वडी आणो वा न आणो, गावात टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, सर्वांना माहीत असते. विहिरीत आणि गावच्या टाकीत ती आम्ही टाकतो, ओटी चाचणीने नळाच्या टोकाला क्लोरीन उरला की नाही ते तपासतो, आणि पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन त्यांच्या सुरक्षिततेनुसार गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. या ओळखीतून एक जुगाड सुरू झाला आहे. प्लास्टिकच्या बाटलीला भोके पाडून किंवा कापडात बांधून टीसीएल पावडर फ्लशच्या टाकीत सोडतात आणि त्याला घरगुती स्वयंचलित यंत्र म्हणतात. त्या पावडरीत चुन्याचा मोठा भाग असतो, तो विरघळत नाही. तो गाळ तळाला बसतो, सीलखाली अडकतो आणि टाकी गळू लागते. शिवाय ज्या चुन्यामुळे कडा धरते तोच आपण हाताने टाकीत घालतो. असे करू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. काही जण फ्लशच्या टाकीची वडी सरळ स्लॅबवरच्या मोठ्या टाकीत टाकतात, म्हणजे एकाच वडीत सगळे नळ आणि संडास स्वच्छ होतील. त्या टाकीचे पाणी न्हाणीत जाते, स्वयंपाकघरात जाते, पाहुणा आला तर तोंडालाही लागते. या वड्या पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेल्या नसतात. त्यांत रंग, सुगंध आणि डिटर्जंट असतो. मोठी टाकी साफ करायची तर रिकामी करून घासावी, आणि निर्जंतुकीकरणासाठी पिण्याच्या पाण्याचेच क्लोरीन मोजून वापरावे.

तिसरी बाब टिल्लू पंपाची. नळ सुटला की गल्लीतील घरे नळाच्या ओळीला थेट टिल्लू जोडून पाणी ओढतात. हे नियमाला धरून नाही, हे सगळे जाणतात आणि सगळेच करतात. अशा वेळी ओळीत दाब राहत नाही, उलट ओढ निर्माण होते. ज्या घराची फ्लशची टाकी मोठ्या टाकीऐवजी थेट नळाच्या ओळीवर आहे आणि कॉकला आवाज कमी व्हावा म्हणून जोडलेली नळी टाकीच्या पाण्यात बुडालेली आहे, त्या टाकीतील निळे पाणी मागे ओढले जाऊन शेजारच्या घागरीत जाऊ शकते. ती बुडणारी नळी काढून टाकावी किंवा कॉकचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहील असे करावे. सर्वांत उत्तम म्हणजे फ्लशची टाकी फक्त स्लॅबवरच्या टाकीवर ठेवावी.

साठवणुकीविषयीही लिहिणे भाग आहे. आपल्याकडे घरातील एका खोलीत युरियाची पोती, फवारणीची औषधे, डिझेलची कॅन आणि वरच्या फळीवर वड्यांचा डबा असे सगळे एकत्र असते. क्लोरीन सोडणाऱ्या वड्या आणि पावडर यांचा युरियासारख्या नत्रयुक्त खतांशी किंवा तेल-डिझेलशी संपर्क आला तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. त्या मूळ डब्यात, कोरड्या जागी आणि खतांच्या खोलीबाहेर ठेवाव्यात.

परगावी

माझे आईवडील वाशीम जिल्ह्यात गावी राहतात आणि उन्हाळ्यात आमच्याकडे येतात, त्यामुळे घर बंद असते. मागे कोणी तरी सुचवले की बंद घरात वडी टाकून ठेवली तर परत आल्यावर संडास स्वच्छ मिळेल. हे योग्य आहे काय?

नळमिस्त्री

अगदी उलट आहे. फ्लश होत नसला तरी वडी विरघळतच राहते, आणि मे महिन्याच्या उन्हात पाणी आटते, म्हणजे उरलेल्या पाण्यात रसायनाचे प्रमाण वाढत जाते. वॉशरचे सर्वाधिक नुकसान अशा बंद घरांत झालेले दिसते. घर बंद करताना वडी काढून घ्यावी, टाकीकडे येणारी तोटी बंद करावी, फ्लश करून टाकी रिकामी करावी आणि फडक्याने पुसून झाकण लावावे. पाणी राहिले तर त्यात डेंग्यूचा डास वाढतो. गरम हवेत अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याचा आठवड्याचा कोरडा दिवस रांजण-हौदापुरता नाही, फ्लशच्या टाकीलाही आहे.

बंद घरातील वासाचे कारण बहुधा वेगळेच असते. कमोडच्या किंवा शीटच्या वाकड्या भागात जे पाणी अडवून ठेवलेले असते ते आटले की खालचा वायू वर येतो. ग्रामीण शौचालयाच्या शीटखालील ट्रॅपमध्ये हा पाण्याचा अडसर अवघा २० मिलिमीटर असतो, तो चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात लवकर आटतो. शेजाऱ्यांना किल्ली देऊन आठवड्याला दोन तांबे पाणी ओतायला सांगावे. त्यापुढे कुठलीही सुगंधी वडी निरुपयोगी आहे.

वीजतंत्री

विजेवर चालणाऱ्या साधनांचा उल्लेख राहिला म्हणून लिहितो. टोटो या जपानी कंपनीच्या काही कमोडमध्ये नळाच्या पाण्यातील क्लोराइडवर विद्युतप्रवाहाची क्रिया करून सौम्य निर्जंतुक पाणी तयार केले जाते आणि वापराच्या आधी व नंतर ते आत फवारले जाते. वडी नाही, रंग नाही, साठवण नाही. कल्पना उत्तम आहे. खारपाणपट्ट्यात क्लोराइडची तर मुळीच कमतरता नाही. पण तोच प्रयोग स्वस्त यंत्राने आपल्या पाण्यात केला की ऋण टोकावर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर बसतो आणि यंत्र मंदावते. प्रवाहाची दिशा आलटूनपालटून बदलणारी व्यवस्था असेल तर थर कमी होतो, मात्र तशी यंत्रे महाग असतात. भारनियमनाचे वेळापत्रक आपण सर्व जाणतोच.

विजेशिवाय आपोआप चालणारी एक जुनी व्यवस्था मात्र मला आजही आवडते. बसस्थानकाच्या किंवा शाळेच्या मुताऱ्यांवर जी टाकी थेंबाथेंबाने भरते आणि भरली की सायफनने स्वतःच रिकामी होते, ती खरी स्वयंचलित. तिच्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही. फक्त पाणी अखंड लागते, म्हणून आता ती बहुतेक ठिकाणी बंदच दिसते.

काळीमाती (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. लिंबूसत्व टाकून पाहिले, बुडबुडे निघाले, म्हणजे आमची कडा चुन्याचीच आहे. टाकी उघडली तर ती बारीक नळीही दिसली नाही, त्यामुळे यंत्राचा विषय मिटला. शोषखड्ड्यांविषयी मात्र कोणी लिहिलेले नाही.

गवंडीकाम

भाऊ, खड्ड्याला वडीपेक्षा टाकीचाच धोका जास्त आहे.

स्वच्छ भारत मिशन २०१४ साली सुरू झाल्यानंतर बारा हजार रुपयांच्या प्रोत्साहन रकमेत जी दोन खड्ड्यांची शौचालये आपल्याकडे बांधली गेली, ती पाणी ओतून वापरण्यासाठी आहेत. त्यांच्या शीटचा उतार मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम होते. खड्ड्याची मापे त्याच पाण्याच्या हिशेबाने काढतात. पाणी मातीत किती जिरते याचे प्रमाण वाळूत रोज प्रति चौरस मीटर ५० लिटर धरतात, चिकणमातीत १०. आपली काळी जमीन तर पावसाळ्यात फुगून आणखी घट्ट होते, म्हणून खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा लागतो, जो ठेकेदार देतोच असे नाही. अशा खड्ड्यावर दहा लिटरची फ्लशची टाकी लावली तर एका माणसाचे पाणी पाच माणसांइतके होते. खड्डा पोळ्याच्या आधीच भरतो आणि दोष वडीला मिळतो.

पाण्याचा हिशेबही करून पाहावा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते. प्रत्येकाने दिवसाला चार वेळा दहा लिटरचा फ्लश ओढला तर २०० लिटर तिथेच गेले. कमोड बसवायचाच असेल तर तीन आणि सहा लिटरचे दोन बटणांचे फ्लश घ्यावे, किंवा कमोड असला तरी मगाने पाणी ओतावे. त्यानेही तो साफ होतो.

आता वडीविषयी. निळ्या वडीने खड्ड्यातील कुजण्यात फारसा फरक पडत नाही. क्लोरीनच्या वडीतून रोजच्या वापरात जो थोडा क्लोरीन खाली जातो तो मैल्यातच खर्च होऊन जातो, त्यामुळे भरल्या घरात चिंता नाही. घरात एकच वयस्क माणूस कमोड वापरत असेल आणि वडी दिवसरात्र विरघळत असेल, तर मात्र थोड्या मैल्यावर जास्त क्लोरीन असे होते, आणि ते टाळावे. भरलेला खड्डा बंद केल्यावर दीड-दोन वर्षे कुजू द्यायचा असतो. ते खत पुढे शेतात टाकायचे आहे हे लक्षात ठेवून वर काय ओतायचे ते ठरवावे. बाटलीभर ॲसिड एकदम ओतणे हे त्या दृष्टीने कुठल्याही वडीपेक्षा वाईट.

घरधनीण

गवंडीभाऊंनी मगाचे लिहिले ते बरे केले. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकी बंदच ठेवतो.

काळीमाती (धागाकर्ता)

तर मग लिंबूसत्वाने कडा काढून कमोडला अडकवायची साधी डबी लावावी आणि टाकीत काही टाकू नये, असे मी ठरवतो. टाकी दोन बटणांची करून घ्यायची आहे. त्यासाठी संपूर्ण टाकी बदलावी लागते, की आतील फिटिंग बदलून भागते?

नळमिस्त्री

टाकी सायफनची, म्हणजे बाजूला हँडल असलेली असेल तर झाकणाला बटणासाठी भोक नसते, तेव्हा पूर्ण टाकीच बदललेली बरी. झाकणावर आधीच एक बटण असेल तर आतील फिटिंग बदलून चालते. तळाच्या भोकाचा व्यास आणि टाकीची आतील उंची मोजून घ्यावी, जुना वॉशर खिशात घालूनच दुकानात जावे, आणि नवीन सील रबराऐवजी सिलिकॉनचे मागावे. बसवल्यावर पहिल्या रात्री टाकीतील पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करून तोटी बंद करावी. सकाळी पाणी खुणेखाली उतरलेले दिसले तर सील नीट बसलेले नाही. मग ते काढून पुन्हा बसवावे.